आखाजीपर्यंत मुदत

शिंदखेडा शहर आणि तालुक्यातले घरमालक, गाळामालक, मळ्यातल्या खोल्या भाड्याने देणारे, त्यांची पोरे, त्यांचे मेहुणे आणि मालकाच्या सांगण्यावरून हातोडी घेऊन जाणारे मजूर, या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. भाडे थकवून, खोलीला कुलूप ठोकून सुरतेला निघून गेलेल्या भाडेकरूंनाही आहे. त्यांची पाळी पुढे येईल.

भाडेकरूच्या कुलपाला हात लावू नका. तो चार महिने दिसला नसेल, भाडे बुडवले असेल, वीजबिल तुमच्या माथी मारले असेल, आतून उंदरांची घाण येत असेल, तरी लावू नका. ते कुलूप न्यायालयाच्या हुकमाने, बेलीफाच्या हाताने आणि पंचांच्या देखत उघडायचे असते. ज्यांनी आधीच फोडले आहे आणि आतला संसार ट्रॉलीत भरून खळ्यात, गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकला आहे, त्यांना येत्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत. त्यानंतर आम्ही काय करणार ते शेवटी लिहिले आहे. थेट तिथे उडी मारू नका. मधले वाचले नाही तर शेवटचे कळणार नाही.

हे सांगणारा मी कोण? माझी नोकरी न्यायालयाच्या नाझर विभागात गेली. समन्स बजावणे, जप्ती, ताबा वॉरंट, हेच काम. लोकांची घरे रिकामी करण्याचाच पगार मी घेत होतो, म्हणून भाडेकरूंचा कैवारी म्हणून मला कोणी हिणवू नये. घर रिकामे करणे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याचे घर त्याला ते परत मिळालेच पाहिजे. पण निवृत्त झाल्यावर गावात जे पाहतो आहे ते वेगळे आहे. प्रत्येक गल्लीत एक स्वयंघोषित बेलीफ तयार झाला आहे. त्याच्याकडे वॉरंट नसते, पंच नसतात, यादी नसते. असते ती छन्नी, आणि मागे उभा असलेला ट्रॅक्टर.

या लोकांना हटकले की एकच उत्तर मिळते. ‘जिभाऊ, घर माझं. उतारा माझ्या नावावर. घरपट्टी मी भरतो. मग माझ्या घरात शिरायला मला कोणाची परवानगी?’ उतारा तुमच्या नावावर आहे, मान्य. पण ताबा भाडेकरूचा आहे, आणि या देशाचा कायदा मालकीइतकाच ताब्यालाही मान देतो. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे कलम ६ वकिलाकडून एकदा समजावून घ्या. ज्याला संमतीशिवाय आणि कायद्याच्या मार्गाशिवाय जागेतून काढले, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर न्यायालय त्याला ताबा परत देते. त्या दाव्यात तुमचा उतारा, खरेदीखत, वारसनोंद काहीही चालत नाही. प्रश्न एवढाच विचारला जातो: काल ताबा कोणाचा होता, आणि तो कसा गेला? निकाल विरुद्ध गेला तर त्याच्यावर अपील नाही, फेरविचारही नाही. मालकी सिद्ध करायला वेगळा दावा लावा, असे सांगून तुम्हाला बाहेर काढतात. म्हणजे जे घर सरळ मार्गाने मिळाले असते, ते स्वतःच्या हाताने तुम्ही पुन्हा भाडेकरूच्या ताब्यात देता, आणि वर दावाखर्च भरता.

ज्याचा जागेत राहण्याचा हक्क संपला आहे त्यालाही मालकाने स्वतःच्या बळावर काढायचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले यांच्या खटल्यात ठणकावून सांगितले. त्याला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. आपल्याकडे ही बातमी अजून पोचायची आहे असे दिसते.

हे झाले दिवाणी. फौजदारी बाजू याहून कडू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण चोरी ती चोरीच राहिली. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीच्या हेतूने हलवली की कलम ३०३ दाराशी येते. ‘मी कुठे विकली? भाडे दिले की देणार होतो’, हा बचाव समजू नका; पैसे उकळण्यासाठी वस्तू अडकवून ठेवायची, हाच तो हेतू. राहत्या घरातून उचलली तर कलम ३०५. दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात त्याला धाकदपटशा करायला शिरलात तर गृहअतिक्रमणाचे कलम ३२९. फेकताना टीव्ही फुटला, कपाट मोडले, तर नुकसानीचे ३२४. आणि मजुरांनो, तुम्हीही ऐका. ‘मालकाने सांगितले म्हणून केले’ हे वाक्य फिर्यादीत तुमचे नाव येण्यापासून वाचवणार नाही. तीनशे रुपये हजेरीसाठी आरोपी होऊ नका.

भाड्यापोटी भाडेकरूचे सामान अडकवून ठेवण्याचा हक्क आपल्याकडच्या घरमालकाला नाही. मुंबईसाठी १८८२ च्या लघुवाद न्यायालय कायद्यात थकलेल्या भाड्यासाठी माल जप्त करण्याचे एक प्रकरण आहे, पण तिथेही अर्ज न्यायालयात करावा लागतो आणि जप्तीला न्यायालयाचा माणूस जातो. इंग्रजांनीसुद्धा मुंबईच्या शेठजींच्या हाती छन्नी दिली नव्हती. शिंदखेड्याच्या शेठजींना ती कोणी दिली?

कुलूप न फोडता माणसाला हैराण करणारे दुसरे एक शहाणे आहेत. ते नळाची तोटी बंद करतात, मीटरमधून वायर काढतात, संडासाला टाळे लावतात. उन्हाळ्यात, जेव्हा आपल्याकडे चार-चार दिवसांनी पाणी येते, तेव्हा हे करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २९: पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई यांसारखी आवश्यक सेवा मालकाने सबळ कारणाशिवाय तोडायची नाही, तोडली तर न्यायालय ती पुन्हा जोडायला लावते, आणि तोडणे हा शिक्षापात्र गुन्हाही आहे. भाडे थकले हे सबळ कारण नाही. थकलेल्या भाड्यासाठी कलम १५ आहे.

आता हे कलम १५ नीट पाहू, कारण ‘कायद्याने गेले तर जन्म जातो’ ही सबब पुढे करूनच सगळे लोक छन्नी उचलतात. आधी आपली जागा १९९९ च्या कायद्याखाली येते का, ते वकिलाकडून पाहून घ्या. हा कायदा त्याच्या अनुसूचीत नोंदलेल्या शहरा-गावांना लागू होतो. लागू नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्यात महिनेवारी भाड्याची जागा पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने सोडवून मागता येते आणि मग दावा. १९९९ चा कायदा लागू असेल तर थकबाकीसाठी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचे. त्यानंतर दावा. समन्स पोचल्यावर भाडेकरूला आणखी नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने सगळी थकबाकी दरसाल पंधरा टक्के साध्या व्याजासह आणि दावाखर्चासह न्यायालयात भरली आणि पुढचे भाडे निकालापर्यंत नियमित भरत राहिला, तर तेवढ्या कारणावर त्याला काढता येत नाही. मालकाला हे जाचक वाटते. पण विचार करा, पंधरा टक्के व्याजाने सगळे पैसे हातात पडत असतील तर ओरड कशाची? खरे कारण बहुतेक वेळा वेगळेच असते. दोंडाईचा रस्त्याला जमिनीचे भाव वाढले, गाळ्याला दुप्पट पागडी देणारे गिऱ्हाईक आले, आणि जुना भाडेकरू डोळ्यात खुपू लागला.

भाडे थकले नसताना जागा परत मागण्याची वाटही त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. जागेची स्वतःला खरीखुरी गरज आहे, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला आहे, लेखी परवानगी न घेता पक्के बांधकाम केले आहे, शेजाऱ्यांना उपद्रव देतो, किंवा सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरलीच नाही, यांपैकी जे खरे असेल ते मांडा. शेवटचे कारण खास कुलूप लावून सुरतेला गेलेल्यांसाठीच केल्यासारखे आहे. पण ते न्यायाधीशांपुढे पुराव्याने मांडायचे आहे, मध्यरात्री दारापुढे उभे राहून नाही. शिंदखेड्यात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय आहे. धुळ्याच्या खेपा फक्त अपिलासाठी. आपल्या गावात न्यायालय असताना ट्रॅक्टर बोलावणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही. तो बेरकी आहे.

हुकूमनामा मिळाला की दरखास्त टाकायची, आणि मग ताबा वॉरंट निघते. इथून पुढचे काम माझे होते, म्हणून ते सविस्तर सांगतो. वॉरंट खिशात घालून आम्ही उजेडी जायचो. जंगम माल जप्त करायला सूर्य मावळल्यावर राहत्या घरात शिरायचे नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ मध्येच आहे. दारावर थाप मारायची, वॉरंट वाचून दाखवायचे, वाट पाहायची. पडद्यातल्या बायाबापड्या असतील तर त्यांना बाहेर पडायला वेळ आणि सोय द्यायची. हे मी मोठ्या मनाचा म्हणून करत नव्हतो, आदेश २१ नियम ३५ तसे सांगतो. मग दोन पंच. पंच शक्यतो त्याच गल्लीतले, ज्यांना उद्या पुन्हा या माणसाचे तोंड बघायचे आहे असे. मग कुलूप. मग एकेक वस्तू.

यादी करताना हात थरथरू द्यायचा नाही आणि घाईही करायची नाही. ‘भांडी, किरकोळ’ असे लिहिणारा बेलीफ कामाचा नाही. पितळी हंडा एक, बूड चेपलेला. स्टीलचे डबे सात, पैकी दोनांत तुरीची डाळ. लोखंडी पलंग एक. गॅस सिलिंडर एक, भरलेला, रेग्युलेटरसह. पत्र्याची पेटी एक, कुलूपबंद. पेटी पंचांसमोर उघडायची, कारण उद्या मालक म्हणतो पेटी रिकामी होती आणि भाडेकरू म्हणतो तिच्यात पाच तोळे होते. अशा पेट्यांतून मी सोने फारसे पाहिले नाही. शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र, बाळंतपणाची कागदपत्रे असेच बहुतेक निघायचे. एका भिल्ल कुटुंबाच्या पेटीत मुलाचे पडताळणी प्रमाणपत्र प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेले होते. ते मिळवायला त्या बापाने किती चपला झिजवल्या असतील याची कल्पना ज्यांनी ही कागदपत्रे काढली आहेत त्यांनाच येईल. आज तुम्ही ज्या पेट्या खळ्यात पावसात टाकता, त्यात हे असते.

एका वॉरंटच्या वेळी कोपऱ्यातल्या फळीवर लाल कापडात गुंडाळलेला नारळ होता. मजुराने हात पुढे केला आणि मागे घेतला. ‘साहेब, कानबाई शे,’ म्हणाला. खानदेशात ज्यांच्या घरी पिढ्यांचा नारळ आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. काम थांबवले. ते घर ज्या बाईच्या हातून चालत होते तिला शेजारून निरोप पाठवला. ती आली, पदर डोक्यावर घेतला, नारळ उचलला आणि गेली. बाकी सामानाकडे तिने पाहिलेही नाही. पंचनाम्यात मी लिहिले: ‘देवघरातील वस्तू कुटुंबातील स्त्रीने स्वतः नेल्या.’ त्या घराचा ताबा त्याच दिवशी मालकाला मिळाला. अर्धा तास उशिरा मिळाला, एवढाच काय तो फरक. आता तुमच्या छन्नीवाल्याला विचारा, त्याने फेकलेल्या गाठोड्यात काय होते? त्याला माहीत नसते. त्याने पाहिलेलेच नसते.

उरलेल्या सामानाचे काय करायचे, हा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग आहे, आणि नेमका इथेच लोक मनाला येईल ते करतात. भाडेकरू हजर असेल तर यादीवर सही घेऊन सामान त्याच्या स्वाधीन. नसेल, तर विश्वासू माणसाकडे सुपूर्तनाम्यावर ठेवायचे आणि न्यायालयाला अहवाल द्यायचा. पुढे न्यायालय सांगेल तसे. सामान तुमच्याकडे सुपूर्त झाले तर तुम्ही त्याचे राखणदार झालात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे राखणदाराने त्या वस्तूची काळजी शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी घ्यायची असते. गळक्या शेडमध्ये कापसाच्या गाद्या टाकणे म्हणजे काळजी नव्हे. सडणारा, नासणारा माल असेल, मिरचीची पोती किंवा धान्य असेल, तर तो पडू द्यायचा नाही आणि गुपचूप विकायचाही नाही. न्यायालयाकडून विक्रीचा हुकूम मागता येतो. विक्रीचे पैसे न्यायालयात जमा होतात, आणि ते कोणाचे हे न्यायालय ठरवते.

हुकूमनामा पैशाचा असला, थकबाकी वसूल करायची असली, तरी घरातली प्रत्येक वस्तू जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने बाजूला काढलेल्या वस्तू पाहा: ऋणको, त्याची बायको, मुले यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माने जे काढता येत नाहीत असे बाईचे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे आणि न्यायालयाला गरजेची वाटतील तेवढी गुरे व बियाणे. हा १९०८ चा कायदा. ज्या न्यायालयाच्या हुकमाने मी लोकांच्या दारात उभा राहत होतो, त्या न्यायालयालाही चूल आणि अंथरुणाला हात लावायची मुभा नव्हती. आणि तुम्ही गाद्या बुराई नदीच्या पात्रात टाकता?

भाडेकरू खरोखरच गायब झाला असेल, फोन लागत नसेल, आणि खोली अडून पडली असेल, तर काय करायचे ते ऐका. टपालाने पोचपावतीसह नोटीस पाठवा. खोलीच्या पत्त्यावर एक, त्याच्या गावच्या पत्त्यावर एक. दोन पंचांसमोर दारावर चिकटवा आणि फोटो काढा. व्हॉट्सअॅपवरही पाठवा, निळ्या खुणा जपून ठेवा. मग दावा. तो समन्स चुकवत असेल तर दारावर लावून किंवा वर्तमानपत्रात देऊन समन्स बजावल्याचे न्यायालय मान्य करते आणि दावा एकतर्फी चालतो. आतल्या सामानाची काळजी वाटत असेल तर निकालाची वाट न पाहता कोर्ट कमिशनर नेमून घ्या. तो पंचांसमोर पाहणी करेल, यादी करेल, न्यायालयाला अहवाल देईल. याला काही महिने जातात, हे खरे. छन्नी मारून आत शिरलात आणि भाडेकरू कलम ६ चा दावा घेऊन उभा राहिला, तर काही वर्षे जातात, हेही खरे. गणित तुमचे तुम्ही करा.

जळगावकडे बघा. तिथल्या महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली. मालक कोण, तर महापालिका. हाताशी यंत्रणा, पथके, पोलिस. तरीही नोटिसा द्याव्या लागल्या, सुनावण्या घ्याव्या लागल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, आणि फुले मार्केटमधल्या गाळेधारकांशी वर्षानुवर्षे भांडण चालू राहिले. महापालिकेला जो मार्ग टाळता आला नाही, तो दोन खोल्यांचा मालक एका रात्रीत टाळायचा म्हणतो.

मुंबईत १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या हटवायची घोषणा झाली. त्या लोकांकडे भाडेपावतीसुद्धा नव्हती. तरी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्यांना ऐकून घेण्याचा प्रश्न उभा केला, जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असे सांगितले, आणि पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, त्या झोपड्यांना हात लावायचा नाही असे बजावले. न्यायालयाने महापालिकेचा अधिकार काढून घेतला नव्हता. भर पावसात काढू नका, असे मात्र सांगितले होते.

आता भाडेकरूंनो, तुम्ही. वरचे सगळे वाचून कॉलर ताठ करून बसला असाल तर खाली बसा. कायद्याने तुम्हाला मालकाच्या छन्नीपासून वाचवले आहे, भाड्यापासून नाही. ‘आखाजीले येसू, सामान लई जासू’ असा निरोप ठेवून तुम्ही सुरतेच्या लूमवर निघून जाता. ती आखाजी येते आणि जाते. तुमची खोली त्या म्हाताऱ्या बाईची पेन्शन असते, हे तुमच्या गावी नसते. तिला दावा लावायला वकिलाची फी परवडत नाही हे तुम्हाला ठाऊक असते, आणि त्याचाच तुम्ही फायदा घेता. मी अशी माणसेही पाहिली आहेत ज्यांनी जाताना पंखे, वायरिंग, दाराच्या कड्या आणि मोरीची फरशीसुद्धा काढून नेली.

तुमच्यावरही मुदत आहे. सहा महिने जागा न वापरता कुलूप लावून ठेवलीत तर तेच कारण तुमच्याविरुद्ध चालेल, कलम वर सांगितले आहे. रजा आणि परवाना करारावर राहत असाल आणि मुदत संपल्यावर जागा सोडली नाहीत तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागेल. एकतर्फी निकाल लागला तर ‘मला कळलेच नाही’ ही ओरड फार काळ टिकत नाही. सामान सोडून द्यायचे असेल तर तसे कागदावर लिहून द्या, किल्ली हातात द्या, पावती घ्या. न्यायचे असेल तर येऊन न्या. पुढच्या वर्षी बघू, असे आता चालणार नाही.

मालकांसाठी आणखी एक. स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार करून, नोटरीचा शिक्का मारून तुम्ही निर्धास्त होता, हा शुद्ध भ्रम आहे. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा रजा-परवान्याचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरले जाते, ते खोटे ठरवायची पाळी तुमच्यावर. नोंदणीचे थोडे पैसे वाचवून तुम्ही स्वतःची जीभ कापून देता.

भाडे रोख घेऊन पावती न देणे बंद करा. याच्यावर जास्त बोलायची गरज नाही.

आता मुदत. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, मी मुद्दाम निवडली आहे. लेकी माहेरी येतात, सुरतेचे, नाशिकचे, वापीचे लोक गावी येतात. भाडेकरू आणि मालक एकाच गावात असण्याचे वर्षातले ते थोडेच दिवस. तोपर्यंत हे झाले पाहिजे.

ज्या मालकांनी हुकूमनाम्याशिवाय सामान हलवले आहे, त्यांनी ते सामान असेल तिथून आणून, दोन पंचांसमोर यादी करून भाडेकरूला परत द्यावे. विकले असेल तर कोणाला आणि कितीला, ते लिहून द्यावे आणि पैसे द्यावेत. पेट्या, कागदपत्रे आणि देवघरातल्या वस्तूंना आखाजीचीही मुदत नाही. त्या आजच्या आज. तोडलेले पाणी आणि वीज उद्या सकाळपर्यंत जोडा. ज्यांनी कुलूप फोडून खोली दुसऱ्याला दिली आहे, त्यांनी नव्या भाडेकरूला खरे काय ते सांगावे, कारण दाव्यात तोही ओढला जाणार आहे.

ज्या भाडेकरूंचे सामान गावात कुलूपबंद पडले आहे, त्यांनी आखाजीच्या आठवड्यात मालकासमोर उभे राहून थकबाकीचा हिशोब करावा, सामान न्यावे किंवा लेखी सोडून द्यावे. मालकाला पाहून वाट बदलू नका.

आखाजीनंतर न्यायालय उघडेल त्या पहिल्या दिवशी आम्ही न्यायालयाच्या आवारात असू. आम्ही म्हणजे मी, माझ्यासारखे काही निवृत्त कर्मचारी आणि फी न घेता उभे राहायला तयार असलेले वकील. ज्याचे सामान कायद्याबाहेर हलवले आहे आणि ज्याचे सहा महिने उलटलेले नाहीत, त्याचा कलम ६ चा दावा आम्ही लिहून देऊ. बाया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना १९८७ च्या कायद्याने विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न न पाहता. तो अर्ज भरायला आम्ही बसवू. फिर्याद द्यायची असेल तर सोबत येऊ. पोलिस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवले तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज जाईल, आणि तिथेही हालले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ज्या म्हाताऱ्या मालकिणीचा भाडेकरू पळाला आहे, तिनेही यावे. तिची नोटीस आणि तिचा दावाही तितक्याच निगुतीने लिहिला जाईल.

साक्षीदार लागेल तिथे मी उभा राहीन. गल्लीत कोणाची छन्नी कधी चालली, ट्रॅक्टर कोणाचा होता, सामान कोणाच्या खळ्यात आहे, हे मला विचारले तर शपथेवर सांगेन. नाती, जात, पक्ष, सोसायटीची निवडणूक यांचा विचार होणार नाही. चहाला बोलावून मिटवायचा प्रयत्न करू नका. मिटवायचे असेल तर सामान परत करून मिटवा.

यादी दोन प्रतींत करा. एक भाडेकरूकडे, एक तुमच्याकडे, दोन्हींवर दोन पंचांच्या सह्या आणि तारीख. यादीवर सह्या नसतील तर सामान परत दिले असे आम्ही धरणार नाही.